बंद न होणारं ऊन

साळूबाईच्या नवऱ्याच्या, छगनरावांच्या नाकातली नळी ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली असायची आणि मशीन विजेवर चालायचं. त्यामुळे तिसगावात लाईट गेली की साळूबाई घड्याळाकडे बघत बसायची. उशाशी छोटा सिलिंडर होता, पण तो किती पुरणार? शेवटी तिनं गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं.

तिच्या बहिणीचा मुलगा हर्षल पाथर्डीत हेच काम करायचा. त्यानं आधी दिवसभर सावली कुठवर येते ते गच्चीवर खडूनं आखलं.

"मावशी, आपल्याकडं उन्हाला तोटा न्हाई," तो म्हणाला. "पण दारातल्या कडुलिंबाची सावली एका कोपऱ्यावर जरी पडली, तरी सगळ्या रांगेचा जोर उतरतो. धुरळ्याचंबी तसंच."

म्हणून पॅनल लिंबापासून लांब बसले. तेव्हापासून लाईट गेली तरी मशीन बॅटरीवर घरघरत राहायचं. साळूबाईला जरा सुखाची झोप लागू लागली.

वैशाखात एकदा मोठी वावटळ आली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी साळूबाई भाकऱ्या थापत असताना तिला जळक्या प्लास्टिकचा वास आला. चुलीकडे बघितलं, काही नाही. तेवढ्यात डोक्यावर चर्रर्र आवाज झाला.

ती धावत गच्चीवर गेली. वाऱ्यानं एक वायर सुटून लोखंडी चौकटीला टेकली होती, आणि पॅनलखाली तिच्या जोडातून निळी ठिणगी सारखी उडत होती. वितळलेलं प्लास्टिक खाली लिंबाच्या वाळल्या पाल्यावर टपकत होतं. बरोब्बर त्या खोलीवर, जिथं छगनराव निजलेले.

ती खाली पळाली आणि जिन्याजवळचे सगळे खटके ओढले. घर चिडीचूप झालं. मशीनही थांबलं. छगनराव डोळे मोठे करून तिच्याकडे बघू लागले.

"काय न्हाई, काय न्हाई," असं म्हणत तिनं सिलिंडरची चावी फिरवली. पीठ लागलेल्या हातातून नळी दोनदा निसटली.

पुन्हा वर जाऊन पाहते तर ठिणगी तशीच! वीज तर तिनं स्वतः बंद केली होती. तिनं हर्षलला फोन लावला.

"खटके पाडले रे, तरी जळतंयच!"

"मावशी, खालचं बंद केलं तरी पॅनल बंद होत न्हाईत. ऊन हाय तवर ते वीज करतच ऱ्हात्यात."

"मग ऊन कसं बंद करू?"

"झाक त्यांना! जाड गोधड्या टाक, लांबूनच. तारंला, लोखंडाला हात लावू नगं. अन् पाणी तर अजिबात न्हाई. मी निघालोच."

तेवढ्यात शेजारची सरवरीभाभी बादली घेऊन जिना चढताना दिसली.

"भाभी, पानी नगं!" साळूबाई जिवाच्या आकांतानं ओरडली. "आधी यांना भाईर काढा, सिलिंडरसकट!"

सरवरीभाभीनं बादली तिथंच ठेवली आणि ती खोलीकडे धावली. साळूबाईनं गोधड्या ओढून आणल्या, वाळक्या बांबूवर घेऊन एकेक पॅनलवर ढकलल्या. डोक्यावर सूर्य आग ओकत होता. मावळायला लई वेळ होता. एका गोधडीची कड उघडी राहिली आणि ठिणगी पुन्हा फुरफुरली. पाल्यातून धूर निघाला. बांबूनं पाला दूर लोटून तिनं शेवटची गोधडी पुरती पसरली.

चर्रर्र थांबलं.

साळूबाई तिथंच बसली. खाली लिंबाखाली सरवरीभाभी छगनरावांच्या पाठीवर हात फिरवत होती.

हर्षलनं येऊन जोड बदलला, तार पाईपात घातली, पॅनलजवळ वेगळा खटका बसवला. पण साळूबाईनं त्याला गोधड्या काढू दिल्या नाहीत. "आज ऱ्हाऊ दे, बाबा," एवढंच म्हणाली.

सकाळी लाईट गेली. पॅनल झाकलेले, म्हणून बॅटरी भरली नव्हतीच. सिलिंडरचा काटा खाली आलेला बघून छगनरावांनी बोटानं वर गच्चीकडे खूण केली.

ती एकटीच वर गेली. एकेक गोधडी काढताना ती दर वेळी थांबून कान देत होती. कोवळं ऊन काचेवर पसरलं. कसलाच आवाज आला नाही. थोड्या वेळानं खालून मशीनची घरघर ऐकू आली, तरी ती खाली उतरली नाही. ऊन चटका देऊ लागेपर्यंत ती त्या जोडाकडे बघत पायरीवर बसून राहिली.