रुखवत वाहणाऱ्या टेम्पोची कैफियत

माझा चकचकीत लाल रंग बघून भुलू नका, मित्रांनो. मी एक जुना तीनचाकी टेम्पो आहे. रंग तेवढा कंपनीचा, बाकी खिळा न् खिळा जुना. लातूरच्या किशनरावांनी मला घेतलं तेव्हा मी निळा होतो. पेंटरने माझ्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत त्यांच्या शाळकरी लेकीचं नाव लिहिलं होतं: सुकन्या.

त्या निळेपणी मी काय नाही वाहिलं? कडबा, विटा, गुळाच्या ढेपा, गल्लीचा गणपती. पण माझा खरा मान रुखवताचा. गल्लीतल्या कुठल्याही लेकीचं लग्न असो, तिचं रुखवत माझ्याच हौद्यातून जायचं. विणलेली तोरणं, शेवयांच्या परड्या, मण्यांचे मोर. ते कलंडू नये म्हणून सुकन्या मधोमध बसायची आणि सगळ्यांना बजावायची, "माझं रुखवत बी ह्याच्यातूनच जाणार हाय!" माझा हॉर्न तेव्हा फार खणखणीत होता. आता घसा बसलाय.

किशनराव गेले आणि स्टिअरिंग त्यांच्या मुलाच्या, शिवशंकरच्या हाती आलं. त्याने एका पार्सल कंपनीचा ठेका घेतला. "तुम्ही आमचे नोकर नाही, पार्टनर," असं तिथल्या साहेबांनी सांगितलं, तेव्हा गडी हरखून गेला होता. मीही हरखलो. मग मला लाल रंग फासला, पाठीवर पत्र्याची बंद पेटी बसवली आणि कपाळावर कंपनीचं स्टिकर चिकटवलं. सुकन्या त्याखाली गेली.

त्या दिवसापासून मी शिवशंकरचा उरलो नाही. इंधन त्याचं, टायर त्याचे, दुरुस्ती त्याची, पण हुकूम समोर अडकवलेल्या मोबाइलचा. पेटीत कंपनीच्या खोक्यांशिवाय काही ठेवायचं नाही आणि ते बघायला आत कॅमेरा. एकदा त्याने आईसाठी, तुळजाबाईंसाठी, गिरणीतून पिठाचा डबा आणला, तर सुपरवायझर सिद्धेश्वर फोनवर कडाडला, "पुन्हा असं दिसलं तर तुझा रूट दुसऱ्याला जाईल." गाडी जरा जास्त वेळ उभी राहिली तरी तेच. सोडून द्यावं, तर करार संपायचा होता आणि जुनी गिऱ्हाइकं केव्हाच दुसऱ्या टेम्पोंकडे गेली होती. मला कुलूप नव्हतं, मित्रांनो, तरी मी कोंडलेला होतो. शिवशंकर माझ्यापेक्षा जास्त.

अशात सुकन्याचं लग्न ठरलं. नवरदेव रेणापूरचा दयानंद, आणि कार्यालयही रेणापुरातच. शिवशंकर तिचा एकुलता एक भाऊ. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम भरायचा, ही आपल्याकडची रीत. हा मान आपला हुकतो की काय, या धास्तीने शिवशंकर थेट सिद्धेश्वरकडे गेला. त्याने सुट्टी मागितली.

"सुट्टी नोकराला असते," सिद्धेश्वर म्हणाला. "तू पार्टनर हायस. बदली माणूस दे, बदली गाडी दे, आन् खुशाल जा."

ऐन लग्नसराईत बदली गाडी कुठून मिळायची? सगळ्या गाड्या वऱ्हाडात. आणि रुखवत कोण नेणार, यावरून घरात वेगळीच कुजबुज. सुकन्या अंगणात येऊन माझ्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

मग शिवशंकरने डोकं लढवलं. रेणापूरचा रूट त्याचाच होता. त्याने रुखवत मोठ्या खोक्यात भरलं, त्यावर सुकन्याचं नाव आणि रेणापूरच्या कार्यालयाचा पत्ता लिहिला आणि पैसे भरून ते रीतसर पार्सल केलं. आता कंपनीच त्याला हुकूम देणार होती: हे तिथे पोचव!

पण लातूरचं खोकं शेजारच्या रेणापूरला सरळ जात नाही, हे बेटा विसरला. ते आधी नांदेडच्या मोठ्या गोदामात गेलं. तिथून परत येईना. तुळजाबाई कपाळ बडवत म्हणाल्या, "आरं, वऱ्हाड रेणापूरला आन् रुखवत नांदेडला धाडलंस व्हय रं?"

लग्नाच्या सकाळी घरचे सगळे जीपने गेले. आम्ही दोघं लातूरच्या गोदामात, नांदेडहून रात्री आलेल्या मालापुढे. शिवशंकर एकेक खोकं चढवत होता आणि शेवटी, अगदी तळाशी, ते सापडलं. एक कोपरा चेपलेला. त्याने ते छातीशी धरलं. मी कधी नव्हे तो एका किकमध्ये सुरू झालो.

आम्ही पोचलो तेव्हा अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. कंपनीचा लाल शर्ट घातलेला भाऊ खोकं घेऊन मांडवात शिरला. खोकं दिल्यावर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारायचा, तो टाकायचा आणि निघायचं, असा नियम.

"सुकन्या, आकडा सांग बाई," तो खालमानेनं म्हणाला. "मोबाइल ओरडायलाय."

सुकन्याने स्वतःचा मोबाइल पाहिला आणि पदराखाली लपवला. "न्हाई सांगत."

तेवढ्यात सिद्धेश्वरचा फोन. गाडी का हालत नाही म्हणून. सुकन्याने तो भावाच्या हातून काढून घेतला. "साहेब, मी गिऱ्हाईक बोलायलेय. खोकं चेपलंय. आतलं सगळं तपासल्याशिवाय ओटीपी देणार न्हाई. लई वेळ लागंल."

गिऱ्हाईक म्हटल्यावर त्याच गळ्यातून मध पाझरला. "हो मॅडम, सावकाश बघा. तुमचं समाधान होईपर्यंत आमचा माणूस तिथून हलणार नाही."

मांडवात हशा पिकला. शिवशंकरने दयानंदचा कान असा पिळला की नवरदेव टाचांवर उभा राहिला. "सांभाळशील न्हवं?" "सांभाळतो मेव्हणे, कान सोडा!" तुळजाबाईंनी रुखवत मांडलं. सुकन्या बाहेर आली आणि तिने माझ्या स्टिकरवर, बरोबर तिच्या झाकलेल्या नावावर, हळदीकुंकू लावलं.

पण पेटीत अजून पुष्कळ खोकी होती. फोन पुन्हा वाजला. जेवणाची पानं मांडली जात होती, पाठवणी दूर होती. शिवशंकरने बहिणीकडे पाहिलं. तिने रडत रडत एकेक आकडा सांगितला. शेवटच्या आकड्याला फार वेळ घेतला. तो टाकताच मोबाइलने पुढच्या गिऱ्हाइकाच्या दाराचा रस्ता दाखवला आणि आम्ही निघालो. पाठवणीला भाऊ नव्हता.

हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी गोदामात धुवायला लावलं. मी अजून लालच आहे. मित्रांनो, माझ्यासारखी गाडी तुमच्या दारात थांबली तर आणणाऱ्याचं नाव विचारा, तांब्याभर पाणी पुढे करा. आणि ते पाणी पिऊन होईपर्यंत आकडा सांगू नका. आकडा सांगितला की त्याला निघावंच लागतं.