पंढरीशेठच्या स्लॅबमधलं भोक

माझ्या धाकट्या बहिणीचं, करिश्माचं, डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. चारचौघांत कबूल करायला मात्र तिशी उलटावी लागली, आणि त्याला कारण झालं आमच्या घरातलं वायफाय.

आमचं घर शहाडला. तळमजला आणि वर दोन मजले. बाबांनी, म्हणजे पंढरीशेठनी, ते उन्हातान्हात उभं राहून बांधून घेतलं. पावसाळ्यात उल्हास नदी कुठवर चढते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे ठेकेदाराने एक सळी सांगितली की ते दोन टाकायला लावायचे. कारागीर जेवायला बसले की स्वतः सळ्यांना तार पिळत बसायचे. भूकंप झाला तर अख्खं शहाड आमच्याकडे राहायला येईल, असं ते पाहुण्यांना सांगतात, आणि गंमत म्हणून सांगत नाहीत.

या स्लॅबमधून माणूस पडणार नाही हे खरं, पण वायफायही वर चढत नव्हतं. करिश्माचं ऑफिस सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोन वर्षं तिने नौपाड्यातल्या एका फर्ममध्ये नेटवर्कचं काम केलं आणि मग स्वतःचं सुरू केलं. लोकांच्या घरी, दुकानांत वायर टाकून वायफाय बसवून द्यायचं. आणि स्वतःचा मेल पाठवायला बया जिन्यात येऊन बसायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

उपाय तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तळमजल्यावरून प्रत्येक मजल्याला वायर न्यायची आणि प्रत्येक मजल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात तो एकेक डबा छताला लावायचा. त्यासाठी दोन्ही स्लॅबना जिन्याजवळ बोटभर भोक पाडावं लागणार होतं. तिने बाबांना विचारलं. बाबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "माझे घरान भोक परनार नाय," एवढं बोलून हात धुवायला गेले. त्यांचंही काही चुकत नव्हतं. डिश बसवणाऱ्याने एकदा न विचारता गच्चीत ड्रिल मारलं होतं आणि पुढचे तीन पावसाळे आईने स्वयंपाकघरात पातेली लावली होती. तेव्हापासून ड्रिलला घरबंदी. तरी करिश्मा दर थोड्या दिवसांनी विचारत राहिली.

मग थोरल्या भावाने शहाणपणा केला. मी ठाण्याला जाऊन मेश घेऊन आलो. तीन पांढरे डबे. वायर नको, भोक नको, एक डबा दुसऱ्याशी हवेतूनच बोलतो, असं दुकानदाराने सांगितलं. त्यातही दिसायला सगळ्यात गुळगुळीत होते ते मी निवडले. वरच्या डब्यांना वायर जोडायला जागासुद्धा नाही, हे घरी आल्यावर करिश्माने दाखवलं. घ्यायच्या आधी एक फोन करायचास की, म्हणाली. मी म्हटलं, तू तुझ्या वायरी सांभाळ.

आठवडाभर माझी कॉलर ताठ होती. तळमजल्यावर झकास चालायचं, पहिल्या मजल्यावरही बरं. वरच्या मजल्यावर मात्र मोबाइलमध्ये सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसायच्या आणि साधा फोटो जायचा नाही. हे कसं, मी विचारलं.

"पंगतीत वाढपी तुझ्यासमोर उभा आहे, दादा," ती म्हणाली. "पण त्याच्या बादलीतच आमटी नाय आली, तर तो वाढेल काय?"

डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हेच डबे छान चालले असते, असंही तिने सांगितलं. वाईट वाटू नये म्हणून सांगितलं असणार. मला वाटायचं ते वाटलंच.

अशात नौपाड्यातले डॉक्टर गुरुदत्त भेटले. ते कल्याणला चार मजली क्लिनिक बांधत होते आणि एक्स-रे, रिपोर्ट सगळं प्रत्येक मजल्यावर टॅबवर दिसायला हवं होतं. करिश्माला मिळालेलं सगळ्यात मोठं काम ठरलं असतं. ते मिळालं तर तिचा धंदा उभा राहणार होता. नाही मिळालं तर पुढच्या महिन्यापासून पुन्हा त्या फर्मच्या खुर्चीत, कारण आतापर्यंतच्या किरकोळ कामांवर भागत नव्हतं. मी तिला त्यांच्याकडे गाडीने घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, तुमच्या स्वतःच्या घरी काय बसवलंय?

तिच्या जागी मी असतो तर बेधडक थाप मारली असती. करिश्मा म्हणाली, "भावाने आणलेलं मेश आहे. वरच्या मजल्यावर चालत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. येत्या रविवारी ते साइटवर येणार होते. तिथून तुमच्या घरी येतो, म्हणाले, तुमच्या हातचं काम चालताना दाखवा, नाहीतर मी दुसऱ्याला सांगेन.

शनिवारी बाबा एका साखरपुड्याला विठ्ठलवाडीला गेले. मी ड्रिल घेऊन तयार. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "चोरून पाडलेलं भोक मी गिऱ्हाईकाला काय म्हणून दाखवू?" मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

रविवारी डॉक्टर आले. करिश्माने त्यांना सगळं घर फिरवलं. कुठे चालतं, कुठे बंद पडतं, का पडतं, काही लपवलं नाही. बाबा मागून हाताची घडी घालून चालत होते. वरच्या मजल्यावर पोचल्यावर ती म्हणाली की हा स्लॅब तिने पाहिलेल्या सगळ्या स्लॅबपेक्षा भक्कम आहे, वडिलांनी स्वतः सळ्या बांधल्यात, आणि मालक नको म्हणाला तर ती भोक पाडत नाही, मग मालक बाप का असेना.

"तुम्हाला कळतंय सगळं," डॉक्टर म्हणाले, "पण न झालेल्या कामावर मी क्लिनिक कसं सोपवू?" आणि ते जिन्याकडे वळले.

करिश्मा फरशीकडे बघत उभी होती. मग तिने मान वर केली आणि बाबांना विचारलं, "बाबा, या स्लॅबमध्ये सळी कुठं नाय?"

बाबा खाली गेले, आईच्या शिवणाच्या डब्यातला खडू घेऊन आले आणि जिन्याजवळच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले. भिंतीपासून वितीने मोजलं, मग चार बोटं सरकले. पांढरी फुली मारली. खालच्या मजल्यावर दुसरी.

"सा महिनं झालं, भोक पारू का, भोक पारू का इचारतंस," ते म्हणाले. "कुठं पारू, ता कदी इचारलंस?"

ड्रिल तिने उचललं, पण डोळे पुसल्यावर.

आईने डॉक्टरांना जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून सांगितलं आणि त्यांच्यासाठी वालाचं बिरडं टाकलं. तेवढ्या वेळात दोन्ही भोकं पडली. दोन्ही वेळा मी कान टवकारून ऐकत होतो. सळीला एकदाही कर्रकन लागलं नाही. करिश्माने खालून वायर सारली आणि ती वर ओढून घ्यायला बाबा स्वतः बसले, मला हातही लावू दिला नाही. मग कडेच्या फटी तिने अशा बुजवल्या की बाबांनी बोट फिरवून पाहिलं आणि नुसतं हुं केलं. त्यांच्या हुंला आमच्या घरात सर्टिफिकेटची किंमत आहे. माझं मेश काढून तिने प्रत्येक मजल्याच्या छताला एकेक अ‍ॅक्सेस पॉइंट लावला.

जेवण झाल्यावर डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर जाऊन पत्नीला, मंदाकिनीताईंना, व्हिडिओ कॉल लावला आणि बोलत बोलत जिना उतरून अंगणापर्यंत आले. तिन्ही डब्यांना करिश्माने एकच नाव दिलं होतं, त्यामुळे मोबाइल या डब्यावरून त्या डब्यावर कधी गेला ते त्यांना कळलंही नाही. मंदाकिनीताई बिरडं कसं झालं होतं तेच विचारत होत्या.

फोन ठेवून डॉक्टर म्हणाले, काम तुमचं. मग त्यांनी विचारलं, "पण माझ्या क्लिनिकच्या स्लॅबमध्ये सळ्या कुठे आहेत, हे तुम्हाला कोण सांगणार?"

"ज्याने बांधल्यात तो," करिश्मा म्हणाली. "आधी त्याला विचारीन. मग ड्रिल काढीन."

बाबांनी पटकन नदीच्या दिशेला तोंड फिरवलं. खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला आणि मला म्हणाले, धूळ गेली. अंगणात कुठली आलीय धूळ. पण मलाही तीच धूळ गेली होती.