गोविंदा, धर

इथर दिलं की माणूस लगेच झोपत नाही. आधी भांडतो. लाथा झाडतो, नर्सचा गळा पकडतो, मेलेल्या बापाला शिव्या देतो.

*

कलम अकरा : डॉक्टर हाताच्या अथवा डोळ्याच्या व्यंगामुळे कामास अपात्र ठरल्यास करार त्याच दिवशी संपेल आणि मागील कोणत्याही थकबाकीवर त्यांचा हक्क राहणार नाही.

*

सक्करदऱ्याच्या तलावात म्हशी. नुसती शिंगं आणि नाकपुड्या.

*

दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर कोळशाने : चंपतराव चंपत.

*

जिवंत हाड मोडल्याचा आवाज लहान असतो. शेजारच्या खोलीत जात नाही.

*

आता क्रमाने.

अठ्ठ्याहत्तरचा मे. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ चंपतराव घाटोळ्यांच्या ट्रस्टचा दवाखाना. त्यात दोन मोठे डॉक्टर : सर्जन शामला बोकारे आणि भूल देणारे देवाजी गोंडाणे. दोघांचा सव्वा वर्षाचा पगार थकला होता. वकिलाची नोटीस जाऊन महिना झाला, उत्तर आलं नाही. त्या दुपारी दोघं चंपतरावांच्या खोलीत जाऊन बसले. पगार मिळेपर्यंत उठणार नाही म्हणाले.

"डाक्टरसाहेब, सेवा करून राहिले ना तुमी?" चंपतराव म्हणाले. "मंग पैशाची गोष्ट काहून?"

"सेवा पेशंटची. तुमच्याकडे नोकरी," गोंडाणे म्हणाले.

"तुमच्या नव्या पंपावर पेट्रोल सेवेत मिळतं का?" शामलाबाईंनी विचारलं.

"बाई, तुमी बहुत बोलता." चंपतरावांनी घंटी दाबली.

त्यांच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामातली दोन माणसं आत आली. पहिल्याने शामलाबाईंचा अंबाडा धरून त्यांचं तोंड कपाटाच्या मुठीवर आपटलं. दात फरशीवर पडला. गोंडाण्यांनी टेबलावरचा काचेचा गोळा उचलून त्याच्या कानावर हाणला. कान फाटला, लोंबला. दुसऱ्याच्या हातात ऑक्सिजनचं सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना होता. गोंडाण्यांनी त्याच्या पोटात लाथ घातली, खुर्ची फेकली, ओरडले, पुन्हा लाथ घातली. आरडाओरडा ऐकून ऑपरेशन थिएटरमधला वार्डबॉय गोविंदा दारात धावत आला. त्याला पाहून गोंडाण्यांच्या तोंडून रोजचेच दोन शब्द निघाले.

"गोविंदा, धर!"

गोविंदाचं कामच ते. टेबलावर कोण आहे हे पाहायचं नाही. जो झाडतो त्याला धरायचं. आणि खोलीत सगळ्यात जास्त झाडत होते गोंडाणे.

गोविंदाने मागून मिठी मारली. दोन्ही दंड आवळले.

"मला नाही रे! मला नाही!"

इथरखाली सगळेच असं ओरडतात.

"वा रे पठ्ठ्या," चंपतराव म्हणाले. "हात ठेव त्याचा टेबलावर."

गोविंदाने गोंडाण्यांकडे एकदा पाहिलं. मग उजवा हात ओढून टेबलाच्या काचेवर ठेवला आणि मनगट दाबलं.

"हाच का जी?" पानावाल्याने विचारलं.

"हाच. ह्याच हातानं करारावर सही केली ह्यानं, माह्यासमोर. हान."

पाना आला. काच फुटली. पुन्हा आला. पुन्हा. शेवटी हाताच्या जागी फक्त लाल काहीतरी होतं, त्यात काच.

*

थिएटर. शामलाबाईंच्या तोंडात कापूस, कापसातून रक्त हनुवटीवर. दोन बोटं काढावी लागणार होती. भूल कोण देणार? देणारा टेबलावर. बाईंनी हात बधिर करायची सुई दिली, पण ठेचलेल्या मांसात ती नीट लागेना.

गोविंदा आत आला. सवयीने उशाशी उभा राहिला.

"बाहेर हो, हरामखोर!"

"राहू दे," गोंडाणे म्हणाले. "दुसऱ्या कोणाला धरता येत नाही."

गोविंदाने खांदे दाबले.

"हालू नका जी."

"तू मले धरलं, गोविंदा."

"तुमीच म्हणलं ना जी, धर."

गोंडाणे हसायला लागले. कात्री हाडावर मिटली तेव्हाही हसत होते. मग ते हसणं राहिलं नाही.

*

हवालदार बळीराम थिएटरमध्येच जबानी घ्यायला आला.

"चंपतराव म्हणते, स्टाफचं आपसातलं भांडण. वार्डबॉयचं नाव टाका, आजच मिटते. पगाराचंबी पाहतो म्हणे."

"टाका!" शामलाबाई कापसाआडून म्हणाल्या. "धरलं यानेच. मी पाहिलंय."

गोविंदा भिंतीशी उभा होता. त्याच्या बनियनवर गोंडाण्यांचं रक्त वाळलं होतं.

"लिहा," गोंडाणे म्हणाले. "मारणारे दोन. मारायला लावणारे चंपतराव घाटोळे."

"आन धरणारा?"

"धरणारा कोणी नव्हता."

"मंग हात टेबलावर गेला कसा?"

"मी ठेवला."

"असा कोण ठेवते, साहेब? बाई खोटं बोलते का मंग?"

"बाईंना तेव्हा चक्कर आली होती. लिहा ना गा."

शामलाबाईंनी कात्री ट्रेमध्ये आदळली आणि त्या बाहेर गेल्या. गोंडाण्यांना सही करता आली नाही. डावा अंगठा शाईत बुडवून दिला.

*

जखम सुकायच्या आत चंपतराव आपल्या वकिलाला घेऊन थिएटरच्या दाराशी आले. हातात कागद.

"कलम अकरा. हात गेला, हक्क गेला. तुमीच पाहा वकीलसाहेब, पट्टीच पट्टी हाये."

गोंडाण्यांनी पट्टीचा हात छातीशी धरला होता. वेदनेने ओठ पांढरे होते.

"वकीलसाहेब, इथंच थांबा आणि नीट पाहा," ते म्हणाले. "गोविंदा, पेशंट घे आत. दंड धर, शीर वर येऊ दे."

गोविंदाने भरलेल्या सुईचा ट्रे त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला.

*

दुसरीत असताना गावच्या मास्तरांनी छड्या मारून देवाजी गोंडाण्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. बाकीची सगळी कामं तो डाव्याच हाताने करत राहिला.