लिफ्टवाल्यांच्या गाडीचा रंग

गाड्या रंगवण्याच्या धंद्यात मी तिशीच्या आधीपासून आहे आणि रंगाबद्दल स्वतःचं मत देत नाही. गिऱ्हाइकाला जांभळी गाडी हवी असेल तर जांभळी करून देतो. मिरवायची त्याला असते, मला नाही. लिफ्टवाल्यांनी मात्र माझ्या या नियमाची परीक्षा पाहिली.

नोकरीभर त्यांनी इमारतींच्या लिफ्ट तपासल्या, म्हणून आम्ही त्यांना लिफ्टवाले म्हणायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी तरुणपणी घेतलेली स्पोर्ट्‌स कार ताडपत्रीखालून बाहेर काढली. दोनच सीट, वर छप्पर नाही, बॉनेट हे एवढं लांब. माझ्या डेंटरने गंजका पत्रा कापून नवा जोडला, ठोकून सरळ केला. पुट्टी झाली, घासणं झालं, राखाडी प्रायमर मारून झाला. उरला फक्त रंग, आणि तिथेच घोडं अडलं.

लिफ्टवाल्यांनी घेतली तेव्हा गाडी निळी होती, पण तो निळा आधीच्या मालकाने मारलेला. त्याच्याखाली मुळात काय होतं ते गंजाने खाऊन टाकलेलं. म्हणजे मोकळं रान होतं. मी पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारून दिले. ते पिशवीत घालून घरी न्यायचे आणि आठवड्याने परत आणायचे.

"सगळेच छान आहेत."

"त्यातला एक सांगा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही सांगावं."

हे किती वेळा झालं ते विचारू नका. रंगाची खोली अडकून पडली होती आणि दाराबाहेर दुसऱ्यांच्या गाड्या ताटकळत होत्या. शेवटी मी म्हटलं, "घरातल्या कोणाला तरी घेऊन या. बायकोला आणा, सुनेला आणा, पण आणा."

"घरात मी एकटाच असतो," ते म्हणाले. मग पिशवीची गाठ सोडत, बांधत म्हणाले, "तिला विचारून बघतो. रंगाची नजर आहे तिला."

"कोणाला?"

"माझी बायको होती. पूर्वी."

पुढच्या आठवड्यात त्या आल्या. अंगाने बारीक, पांढरे केस आखूड कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. दातांच्या लॅबमध्ये त्या कवळ्या आणि कॅपा बनवायच्या. शेजारच्या खऱ्या दाताशी खोट्या दाताचा रंग जुळवायचा, हे त्यांचं रोजचं काम.

"म्हणजे तुम्ही डेंटल आणि आम्ही डेंटिंग," माझा डेंटर म्हणाला. हा विनोद त्याने सकाळपासून जपून ठेवला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्यांची नजर त्याच्या तोंडाकडे होती, बहुतेक पुढच्या दोन दातांकडे. तो नंतर बराच वेळ तोंड मिटून होता.

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"हिच्यात मी फारशी बसलेच नाही," त्या मला म्हणाल्या. "मुलगी झाली आणि सीट दोन, माणसं तीन. कुठे जायचं झालं की हा आणि मुलगी गाडीतून पुढे, मी मागून बसने."

"मी म्हटलं होतं, विकून टाकतो," लिफ्टवाले म्हणाले.

"म्हटलं होतंस ना. मी काय म्हणाले?"

"विकू नको म्हणालीस."

"कारण मला भांडायचं होतं आणि तू लगेच विकायला तयार झालास. याच्याशी भांडायचं म्हणजे लिफ्टच्या बंद दाराशी बोलायचं. आपलं बटण दाबत बसा."

लिफ्टवाल्यांनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मीही मास्किंग टेपचं टोक शोधत राहिलो.

मग बाई कामाला लागल्या. सगळे तुकडे खिडकीपाशी मांडायला लावले, त्यांच्यावर पाणी मारायला लावलं, कारण दाताचा रंग ओला असतानाच बघायचा असतो म्हणे. एकेका तुकड्याकडे क्षणभर बघायच्या, मान फिरवून समोरच्या राखाडी भिंतीकडे बघायच्या, पुन्हा पुढचा तुकडा. शेवटी एक उचलला. पांढऱ्यात किंचित हिरवट झाक.

"हा."

"छान आहे," लिफ्टवाले म्हणाले.

मला हायसं वाटलं. दोन दिवसांत रंग मारून झाला, वर चकाकीचा क्लिअर कोट झाला, वाळला. काम चांगलं उतरलं होतं, कुठे ओघळ नाही, की दाणा नाही. दोघंही बघायला आली. इंजिन अजून बसवलं नव्हतं, म्हणून मी आणि डेंटरने गाडी ढकलत उन्हात आणली.

आणि घोटाळा दिसला.

हातात मावेल एवढ्या तुकड्यावर जो रंग नाजूक दिसत होता, तो आख्ख्या गाडीवर पसरल्यावर भलताच दिसत होता. डेंटर माझ्या कानाशी पुटपुटला, "दवाखान्यातलं कपाट." मी त्याला कोपराने ढोसलं.

"छान झालीय," लिफ्टवाले म्हणाले.

बाई गाडीच्या पुढे गेल्या, मागे गेल्या. "चुकलं माझं. दात केवढासा असतो. मी दातासारखं बघितलं."

"नाही, नाही. छान आहे."

"पुन्हा म्हण."

"छान..."

"आवडली तुला?"

"आहे ना चांगली. एवढी मेहनत घेतलीय यांनी."

"यांचं सोड. माझंही सोड." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण डेंटर दोन पावलं मागे सरकला. "मी करपलेलं वाढलं तरी छान. मी घर सोडून जाते म्हटलं, तेव्हाही म्हणालास, तुला बरं वाटत असेल तर ठीक आहे. एकदा, फक्त एकदा सांग, तुला काय वाटतं?"

लिफ्टवाले गाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे पिशवी उचलून निघून जाणार.

"भिकार दिसतेय," ते म्हणाले.

"काय?"

"भिकार! फ्रीजला चाकं लावल्यासारखी दिसतेय. मला नाही आवडली. अजिबात नाही आवडली." आपलाच आवाज ऐकून ते दचकले आणि मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "तुमच्या कामात खोट नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

बाई मडगार्डला टेकल्या. हसल्या म्हणता येणार नाही, पण चेहरा सैल झाला. "मग कोणता हवाय?"

"पिवळा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. गडद पिवळा. पण या वयात पिवळी गाडी म्हणजे लोक दात काढतील. आणि तुला पिवळा बघवत नाही."

"नाहीच बघवत. पिवळ्या दातांनी डोकं उठतं माझं," बाई म्हणाल्या. "पण मला कुठे हिच्यातून फिरायचंय? कर पिवळी."

मग काय, पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर. या वेळी मी शहाणा झालो होतो. आधी नुसतं बॉनेट रंगवलं आणि उन्हात ठेवून लिफ्टवाल्यांना बोलावलं. ते एकटेच आले. मी "कसं वाटतं?" विचारायच्या आत म्हणाले, "फिका आहे. अजून थोडा गडद करा." त्यानंतर आणखी एकदा गडद करायला लावला. जो माणूस महिनाभर होय की नाही सांगत नव्हता, तो आता रोज सकाळी येऊन माझ्या डोक्यावर बसू लागला. माझ्याही सहनशक्तीला मर्यादा आहे, पण मी बोललो नाही.

इंजिन बसलं, काचा लागल्या, गाडी तयार झाली. मला विचाराल तर पिवळा जरा भडकच झाला. पण मला कोणी विचारलं नाही.

सीटची कव्हरं तेवढी राहिली होती. त्यासाठी लिफ्टवाल्यांनी माझ्याच टेबलावरून बाईंना फोन लावला. मी समोर पत्रा घासत होतो.

"काळी," ते म्हणाले. "नाही, तपकिरी नको... नाही म्हणतोय ना मी! तपकिरी कोचासारखी दिसतील... तुला कळत असेल दातांतलं, सीटमधलं कळत नाही..."

पलीकडून बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. भांडण चांगलंच रंगलं होतं. बिल न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात थबकलं आणि मला खुणेने विचारू लागलं, काय झालं?

"काही नाही. सीटचं चाललंय," मी म्हटलं आणि त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. टेबल लवकर मोकळं होईलसं दिसत नव्हतं.