टेप सरते तिथून पुढे

मार्गशीर्षातली पहाट माडवणच्या खाडीवरून उठली, आणि अंगावरचं धुकं सावरत, माडांच्या राईतून वाट काढत, भगवतीच्या देवळापाशी येऊन उभी राहिली. अजून तांबूस नव्हे, अजून केशरी नव्हे; नुसती दुधाळ, नुसती ओलसर, नुसती अर्धोन्मीलित. दवाने जड झालेल्या झावळ्या मधूनच एखादा थेंब खाली सोडत. कौलांवर पारवे घुमत होते. आत समया लागल्या होत्या आणि माणसं चपला काढून सभामंडपात येऊन बसत होती.

त्या माणसांत तारामती रेवंडकर होती. ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलेली, आणि चेहऱ्यावर उत्सवापेक्षा धास्तीच जास्त. आदल्या दिवशीच ती माडवणात मावसबहिणीकडे येऊन राहिली होती, आणि रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सगुणाबाई आसोलकर आज देवीपुढे गाणार होत्या. ज्यांचा आवाज तारामतीने अर्धं आयुष्य ऐकला होता आणि ज्यांना एकदाही पाहिलं नव्हतं, त्या सगुणाबाई.

एक जुनी टेप होती. तारामतीचा नवरा आगबोटीवर. वर्षातले दोन महिने घरी, बाकीचे दहा पाण्यावर. असाच एकदा सुट्टीवर आला तो परदेशातून टेपरेकॉर्डर घेऊन, आणि एका सकाळी त्याने रेडिओवरची सगुणाबाईंची तोडी भरून ठेवली. पण भरताना टेप अपुरी पडली. कारुण्यघन, विलंबित, मृदुमंथर तोडी. ती चढत चढत, पायरीपायरीने, श्वासाश्वासाने वरच्या षड्जाच्या उंबरठ्याशी यायची, निषादावर थरथरत उभी राहायची, आणि खट्! टेप सरायची. उंबरठ्यापलीकडे काय होतं, ते त्या घराला कधी कळलंच नाही.

नवरा समुद्रावर असायचा तेव्हा दुपारच्या दुपारी ही तोडी त्या घरात वावरायची. चूल विझलेली, अंगण तापलेलं, दगडी गडग्यावर एखादं मांजर, आणि घरभर तो स्वर. तारामती तांदूळ निवडायची, आणि ‘खट्’ व्हायच्या क्षणी आपसूक म्हणायची, “वा!” घराला ते ओकंबोकं थांबणं सोसवत नसे, म्हणून ती आपला एक शब्द तिथे ठेवून द्यायची. नवरा घरी असला की दोघं मिळून म्हणायची, आणि मग हसायची. “फुडचां मी हाडतंय गो तुका,” तो दरवेळी कबूल करायचा, आणि दरवेळी विसरून यायचा. आता तर तोही नव्हता. दोन पावसाळे झाले होते. पुढचं आणायचं राहिलं होतं ते राहिलंच होतं, आणि आज ते ऐकायला मिळालं नाही तर या जन्मी मिळणार नव्हतं. सगुणाबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती, आणि ही त्यांची शेवटची हजेरी, आणि देवीपुढे त्या तोडीच गाणार, असं गावभर बोललं जात होतं.

भगवतीच्या देवळाची एक रीत होती. इथे गाणारा माणूस लोकांसाठी गात नाही, देवीसाठी गातो. म्हणून तो गाभाऱ्याकडे तोंड करून बसतो, आणि लोकांच्या वाट्याला येते ती त्याची पाठ. मोठमोठे गवई इथे येऊन पाठमोरे गाऊन गेले होते. दाद द्यायची नाही, मान डोलवायची तर मनातल्या मनात. तारामतीला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कोणाला सुचणार? माडवणच्या पोराटोरांनाही ते ठाऊक होतं.

त्यामुळे सगुणाबाई आल्या, देवीपुढे वाकल्या आणि लोकांकडे पाठ करून बसल्या, तेव्हा तारामतीचं मन खट्टू झालं. इतक्या वर्षांनी दिसलं काय, तर एक पांढरा अंबाडा, त्यात खोचलेली अबोली, आणि शालीखालचे दोन किरकोळ खांदे. एवढ्याशा खांद्यांतून तो एवढा आवाज यायचा? तिचा विश्वास बसेना. तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. समोरच्या खांबाने काही दया केली नाही.

मग तंबोरे बोलू लागले. आणि षड्ज आला.

आला म्हणजे काय, उजाडला. वयाने खरवडलेला, कडांना झिजलेला, पण आतून तस्साच. तोच, तोच, अगदी तोच. कोमल रिषभ आला, ओल्या पावलांनी आला. गंधार आला आणि बराच वेळ कुठे जाईना. धुक्यातून उन्हाची पहिली तिरीप कौलाच्या फटीतून खाली उतरली, उदाच्या धुरात अडकली, निळसर झाली, सोनसर झाली, आणि सगुणाबाईंच्या खांद्यावर येऊन टेकली. तारामतीला तापलेलं अंगण दिसलं, सुपातले तांदूळ दिसले, दारातून आत येणारा, खारट वाऱ्याच्या वासाचा नवरा दिसला. ती रडत होती आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

स्वर चढू लागला. पायरीपायरीने, श्वासाश्वासाने. म्हातारा गळा मध्येच थांबत होता, दम घेत होता, पुन्हा पाऊल उचलत होता. धैवत. मग निषाद. निषादावर तो थरथरत उभा राहिला. वरचा षड्ज आता इतका जवळ, इतका जवळ, की सगळ्या सभामंडपाने श्वास रोखला.

“वा!”

तारामतीच्या तोंडून निघून गेलं. स्वच्छ, खणखणीत, भर देवळात. सवयच ती, इतक्या वर्षांची जीभ, ती थोडीच विचारून बोलते?

तबला अडखळला. पेटी थांबली. गाणं थांबलं. सगळ्या माना वळल्या, आणि देवळाचा गुरव दबक्या आवाजात तिच्यावर खेकसला, “गे बाये, हयसर दाद देऊची नसता! देवीची सेवा ही!”

भुईने पोटात घ्यावं असं तारामतीला झालं. जे ऐकायला आली होती ते तिनेच मोडलं होतं. बरोबर त्याच जागी, आपल्या हाताने. टेपने एवढी वर्षं जे केलं तेच आज तिने केलं होतं. ती उठू लागली. पदर तोंडाशी, पाय दाराकडे.

तेवढ्यात तो पांढरा अंबाडा हलला. सगुणाबाई वळल्या. सावकाश, अवघडत, एक हात जमिनीवर टेकून वळल्या, आणि तारामतीला त्यांचा चेहरा दिसला. सुरकुतलेला, सावळा, नाकात मोत्याची चमकी, आणि डोळ्यांत राग शोधून सापडेना. मुलाखतींतून कायम शुद्ध, घोटीव बोलणाऱ्या त्या बाई आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या,

“खूप फुडे गेलंस गो तू. मी अजून पोचूक नाय.”

तारामतीने तोंडावरचा पदर खाली घेतला. “माका फुडचां म्हायतच नाय, ताई. आमची टेप थंयसरच सरता. आमी दोघांय थंय ‘वा’ म्हणत होतो. आता ते नाय. म्हणान मी एकटीच इलंय.”

कुणी हसलं नाही.

सगुणाबाईंनी तंबोऱ्यावरच्या भाचीला जरा सरकायला सांगितलं, आणि गाभाऱ्याच्या बाजूची, आपल्यासमोरची जागा हाताने थोपटली. “हडे ये. फुड्यात बस.” गुरवाने तोंड उघडलं, देवीकडे पाहिलं, आणि मिटलं.

तारामती बसली. पाठीशी देवी, समोर सगुणाबाई. आता बाई देवीसाठी गात होत्या की तिच्यासाठी, हे सांगणं कठीण होतं, आणि कुणाला सांगायचंही नव्हतं.

पुन्हा गंधारापासून सुरुवात झाली. पुन्हा पायऱ्या, पुन्हा धैवत, पुन्हा तो थरथरता निषाद. तारामतीने ओठ घट्ट मिटले. आता. आता तो वर जाणार. इतकी वर्षं तिने मनात त्याला तिथे चढवलं होतं, झळाळता, शुभ्र, आकाशाला हात लावलेला.

तो वर गेला नाही.

उंबरठ्याशी थांबून त्याने वरच्या षड्जाकडे एकदा पाहिलं, आणि वळला. मग उतरू लागला. निषादावरून धैवतावर, धैवतावरून गंधारावर, रिषभाचा हात धरून, हळूहळू, हळूहळू, शेजघरात निजलेल्याची झोप मोडू नये अशा पावलांनी उतरत खालच्या षड्जावर आला, आणि तिथे राहिला. घरी आला.

असं होतं तर पुढचं. वर काही नव्हतंच. ते खाली होतं, जमिनीवर होतं, मुक्कामाचं होतं. इतकी वर्षं ती त्याला आकाशात शोधत राहिली. तारामतीला नवऱ्याची अशी आठवण आली की त्या आठवणीत प्रथमच वाट पाहणं नव्हतं. तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

तंबोरे मिटले. आरती झाली. माणसं तीर्थ घेऊन पांगू लागली, आणि बाहेर ऊन चांगलंच वर आलं.

सगुणाबाई अजून तिथेच बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. “हात दी गो. ह्ये गुडघे आता माजा ऐकनत नाय.”

तारामतीने तो हात धरला. लहानसा, ऊबदार, बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे पडलेला हात. तिने पाय रोवले, दुसरा हात त्यांच्या पाठीमागे घातला, आणि त्यांना उठवलं. बाईंनी आपला भार तिच्यावर टाकला; सगळा टाकला, निःशंक टाकला. किती थोडा होता तो! आणि किती दुपारी, किती महिने, किती वर्षं तारामतीने आपला भार त्यांच्यावर टाकला होता, हे त्यांना कधी कळणारही नव्हतं.

एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी. थांबणं. दवाने भिजलेल्या अंगणात, झावळ्यांच्या हलत्या सावल्यांत, एकीच्या खांद्यावर एकीचा हात, अशा त्या दोघी उन्हात उतरल्या. हळूहळू, हळूहळू, कुठेच घाई नसल्यासारख्या.