फळ्यावरचं अर्धं वाक्य

मित्रांनो, या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांना ऐकू येत नसेल तर त्यांनाही पुढे घ्या. देवाचं नाव घेतो आणि एका न पुसलेल्या वाक्याची गोष्ट सांगतो.

मी एक जुना फळा आहे. इजिप्तमधल्या पोर्ट सैदला, सुएझ कालव्याच्या काठी एक होडी मोडीत निघाली. तिच्या फळ्या जोडून सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला आणि दोरखंडांच्या दुकानावरच्या खोलीत टांगलं. तिथे वजदी उस्ताद संध्याकाळी इंग्रजी शिकवत. शिकायला येत ते बहुतेक होडीवाले फेरीवाले. जहाज आलं की हे होड्या घेऊन त्याच्या कुशीला भिडायचे, चामड्याचे खेळण्यातले उंट आणि मण्यांच्या माळा दोरीला बांधून वर प्रवाशांकडे चढवायचे. त्यांचं सगळं इंग्रजी जर-तरवर चालायचं. ‘दोन घेतलेत तर तिसरा फुकट!’

उस्ताद ही जर-तरची वाक्यं चार पायऱ्यांनी शिकवत. पहिली, जे नेहमीच होतं त्याची. दुसरी, जे पुढे होईल त्याची. तिसरी नुसत्या कल्पनेची, मला पंख असते तर. आणि चौथी, जे होऊन गेलं आणि आता बदलत नाही त्याची.

“पाणी तापवलं तर उकळतं,” उस्ताद माझ्यावर लिहीत.

“देवाची मर्जी असली तर,” हमीदो फेरीवाला लगेच पुस्ती जोडी.

“अरे गाढवा, मर्जी त्याचीच आहे! पण परीक्षेत ती लिहू नकोस, गुण जातात.”

“आणि न लिहिल्यामुळे पाणी उकळलंच नाही तर, उस्ताद?”

सगळी खोली हसे. मागच्या बाकावर उस्तादांचा मुलगा करम बसायचा. त्याची मान कायम खिडकीबाहेर, जहाजांकडे. उस्ताद खडूचा तुकडा नेम धरून फेकत, तो नेमका त्याच्या कानावर बसे. “हा फळा बघ,” ते म्हणत, “लाकडाचा आहे, तरी तुझ्यापेक्षा जास्त लक्ष देतो!” मित्रांनो, माझं कौतुक झालं ते एवढंच. पण मला ते पुरलं.

एक दिवस मोठं प्रवासी जहाज आलं. होडी घेऊन ते जवळून बघायला करमने तासाला सुट्टी मागितली आणि उस्तादांनी दिली. जहाजाच्या लाटेने त्याची होडी उलटली. होडी सापडली. करम दुसऱ्या दिवशी सापडला.

आमच्या गल्लीत गेलेल्या माणसाबद्दल ‘असं झालं असतं तर’ असं कोणी म्हणत नाही. म्हणायला तोंड उघडलं की शेजारची बाई त्यावर हात ठेवते. त्या शब्दाने सैतानाला दार उघडतं, अशी समजूत आहे. उस्तादांनीही म्हटलं नाही. दुखवट्याचा चाळिसावा दिवस झाला, ते पुन्हा शिकवायला आले. मला ओल्या फडक्याने पुसत, लिहीत, परत पुसत. अक्षर अगदी सरळ येई. कोणी चुकलं तरी ते रागावत नसत. खडू कधी फेकला नाही. आणि तिसऱ्या पायरीनंतर पुस्तक मिटत. मी लाकूड आहे, पण त्या दिवसांत खोलीत आम्ही दोघंही लाकूडच होतो.

असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी वर्गातल्या नफीसाबाई उभ्या राहिल्या. त्या विधवा होत्या आणि इस्पितळात मदतनीस म्हणून राबत होत्या.

“उस्ताद, परवा परीक्षा आहे. चौथी पायरी राहिली.”

“ती फारशी विचारत नाहीत.”

“दर साली विचारतात. गेल्या साली आपल्या वर्गातली बदरिया त्याच प्रश्नाला अडकली, अजून बाजारात मासे साफ करतेय. पास होणाऱ्यासाठी बंदराच्या दवाखान्यात एकच जागा आहे, उस्ताद. माझी पोरं त्या जागेकडे डोळे लावून बसलीत.”

“बाई, बसा की खाली,” हमीदो कुजबुजला.

“तू गप रे! तुझ्या उंटांना व्याकरण लागत नाही. मला लागतं.” मग त्यांचा आवाज खाली आला. “उस्ताद, तुमच्या दुःखाचा मान माझ्या डोक्यावर. पण मला शिकवा.”

उस्तादांनी मिटलेलं पुस्तक उघडलं. त्यात त्या पायरीचं वाक्य छापलेलं होतं, पण त्यांनी ते घेतलं नाही. माझ्याकडे वळून त्यांनी लिहिलं, ‘जर त्या दिवशी मी करमला सुट्टी दिली नसती, तर’. आणि खडू तिथेच थांबला.

“म्हणू नका, उस्ताद,” मागून दोघं-तिघं एकदम पुटपुटले. “देवाची मर्जी.”

“मर्जी त्याचीच आहे,” उस्ताद म्हणाले. “पण वाक्य पुरं व्हायला हवं.” ते मात्र त्यांच्याने होईना.

नफीसाबाई पुढे आल्या. त्यांनी उस्तादांच्या बोटांतून खडू सोडवून घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर जपत लिहिलं, ‘आज मी त्याला खडू मारला असता.’

उस्तादांनी वाक्य पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. त्यांनी खडू परत घेतला, वळले आणि मागच्या बाकावर फेकला. जिथे करमचा कान असायचा, तिथून तो पलीकडे गेला आणि भिंतीवर फुटला.

मग ते खाली बसले आणि रडले. कोणी त्यांच्या तोंडावर हात ठेवला नाही.

नफीसाबाईंना ती जागा मिळाली. उस्तादांनी ते वाक्य होतं तेवढा कोपरा कधी पुसला नाही, उरलेल्या जागेत शिकवत राहिले. पुढे वर्गात पांढरा, चकचकीत फळा आला. मी आता जिन्याखाली आहे. दुकानदार दोरखंडांची वेटोळी मला टेकवून ठेवतो, त्यांनी बरीचशी अक्षरं खाल्ली. मला दुखत नाही, मित्रांनो. एवढंच करा, फळा पुसण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचत जा. आणि एखादा माणूस ‘जर’ म्हणून थांबला, तर त्याच्यापाशी थोडं बसा.

माझ्यावरचं ‘तर’ आता जेमतेम दिसतं. ते जाईल तेव्हा कोणाला तरी ठाऊक असायला हवं. म्हणून संध्याकाळी प्रार्थना कराल तेव्हा मागच्या बाकावरच्या करमची आठवण काढा.