घासूनपुसून लख्ख

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत, कारण दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या कवळ्या ते घरामागच्या खोलीत बसून बनवत. माणूस भलता नीटनेटका. चहाचा कप टेबलावर जरा वाकडा ठेवला तरी कपाळाला आठी. आणि अशा माणसाच्या नशिबी आली होती जुन्या बाजारातून काहीबाही गोळा करणारी बायको! बैठकीच्या खोलीतलं अख्खं कपाट तिनं भरलं होतं. किल्ली दिली की झांजा वाजवणारं पत्र्याचं माकड, डोळे फिरवणारं मांजराचं घड्याळ, काडेपेट्यांवरची चित्रं, आता कुणाला आठवतही नाही अशा नटीचा फोटो असलेला पावडरचा डबा. कशाचा कशाला मेळ नाही.

पूर्वी नवीन काही आणलं की ती चपला न काढताच त्यांच्या खोलीत घुसायची. "अहो, हे बघा तरी!" ते मान वर न करता "छान" म्हणायचे. मग एकदा पाहुण्यांसमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे आमच्याकडचं भंगाराचं दुकान." पाहुणे हसले, तीही हसली. पण त्या दिवसापासून तिनं त्यांना काही दाखवणंच सोडलं. नवी वस्तू गुपचूप कपाटात जाऊन बसायची. भांडली असती तर परवडलं असतं, भांडण मिटवता येतं. आता तिनं पुन्हा धावत यावं असं त्यांना फार वाटे, पण ते मागायचं कोणत्या तोंडानं?

बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती तिकडे गेली, तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या. सगळं कपाट रिकामं केलं. एकेक वस्तू साबणानं धुतली, मऊ ब्रशनं घासली. माकडाला नवा रंग दिला. चिनी मातीच्या बाहुलीचं टवका उडालेलं नाक त्यांनी दात बनवायच्या मिश्रणातून असं घडवलं की सांधा शोधून सापडू नये. पावडरच्या डब्याच्या बुडाशी शाईनं काहीतरी गिरगटलेलं होतं, तेही पुसून काढलं. काम इतकं फक्कड जमलं की कवळीवाले स्वतःवरच खूश झाले.

ती आली, कपाटासमोर उभी राहिली आणि तिनं पावडरचा डबा उचलून उलटा करून पाहिला.

"कसं झालंय?"

"नवं झालंय," ती म्हणाली.

"चिडलीस?"

"नाही हो. मनापासून केलंत, दिसतंय ते. पण डब्याखाली कुणा पोरीनं आपलं नाव गिरवलं होतं. पुन्हा पुन्हा, अक्षर सुधारत सुधारत. मी तो डबा त्या पोरीसाठी घेतला होता. नटीसाठी थोडाच?"

"मला वाटलं, डाग आहे."

"तुम्हाला वाटणारच."

आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती सामान लावायला आतल्या खोलीत गेली. ते दारात घुटमळत राहिले. पिशवीतून काहीतरी काढून तिनं घाईघाईनं उशीखाली सरकवलेलं त्यांना दिसलं.

"काय आहे ते?"

"तुमच्या कामाचं नाही."

"दाखव की."

तिनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "आधी हात मागे घ्या."

शाळेतल्या पोरासारखे ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले. तिनं समोर धरला तो पिवळ्या प्लास्टिकचा ससा होता. रंग विटलेला, एक कान चावून चावून चपटा झालेला. एरवी त्यांनी नाक मुरडलं असतं. आज ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि कानाशी डोळे नेऊन बघत राहिले.

"वरचे दोनच आलेत अजून," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"दात गं. मधे ही फट बघ. आणि डावीकडे आणखी एक येऊ घातलाय, म्हणून सारखा त्याच बाजूनं चावतोय. ठणकत असेल गं बिचाऱ्याला. रात्रभर रडत असेल."

ते बाळ एव्हाना कुणाचा तरी आजोबा झालं असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बायको ससा सोडून त्यांच्याकडेच बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"हात पुढे करा," ती म्हणाली आणि तिनं ससा त्यांच्या तळहातावर ठेवला.

ते पलंगाच्या कडेवर टेकले. सशाचा कान बोटानं चाचपत त्यांनी विचारलं, "अजून काय काय आणलंयस?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. तिनं पिशवी पलंगावर उपडी केली.